आधी शिवायचं की आधी कापायचं?

हौशी : साध्या काळ्या मशीनवर काज होत नाही, असं सगळे इतक्या ठामपणे सांगतात काकू, की कुणी करून बघायच्या भानगडीतच पडत नाही. घराघरांत कव्हर घालून ठेवलेली ही मशीनं, उषा, रीटा, मेरिट, क्वचित एखादी आजीच्या काळातली सिंगर, फक्त सरळ टीप मारतात हे खरं. सुई वर-खाली होते, डावी-उजवीकडे जात नाही. म्हणून झिगझॅग नाही, आणि झिगझॅग नाही म्हणून काज नाही, असं लोक धरून चालतात. पण सुई हलत नसेल तर कापड हलवता येतं. काजाचं अटॅचमेंट तेवढंच करतं. मशीनचा पाय काढायचा आणि त्याच दांडीवर अटॅचमेंट बसवायचं. दातांवर पट्टी टाकून दात झाकायचे, म्हणजे कापड ओढणं मशीनकडे राहत नाही. अटॅचमेंटचा दांडा सुईच्या स्क्रूवर अडकवायचा. सुई दर खेपेला वर आली की दांडा उचलला जातो आणि कापड घट्ट धरलेली पकड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकते. 1940च्या दशकात सिंगरने यात बदलता येणारे धातूचे साचे आणले. साच्यातल्या खाचेच्या वळणाने कापड पुढे जातं, टोकाला वळतं, दुसऱ्या बाजूने परत येतं. आपण फक्त सावकाश मशीन चालवत राहायचं. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगचं उषा मशीन सिंगरच्याच घडणीवर बेतलेलं, त्यामुळे पायाची दांडी जुळते आणि अटॅचमेंट तिथेही बसतं. आणखी एक सांगते. झिगझॅग मशीनमध्ये सुई बाजूला सरकते, त्यामुळे खालच्या शटलला दोरा कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा पकडावा लागतो. मशीन झिजलेलं असलं की तिथे टाके सुटतात. इथे सुई कायम एकाच भोकातून खाली जाते आणि दोरा दर वेळी एकाच जागी पकडला जातो. जुन्या मशीनला सरळच शिवता येतं म्हणून आपण नावं ठेवतो, काजाला मात्र तो सरळपणाच कामी येतो.

शंकेखोर : टाका चांगला पडतो, यावर माझं भांडण नाही. सरळ टिपेत या मशीनांचा हात धरणारं काही नाही, हे मी इतकी वर्षं शिवून सांगते. माझी शंका टाक्याबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. काज म्हणजे कापडात आपण होऊन दिलेली चीर. चीर दिली की कापडाचे उभे-आडवे दोरे मोकळे होतात, आणि नेमक्या तिथूनच बटण रोज आत-बाहेर जाणार. काजाचा टाका हवा असतो तो ही मोकळी कड बांधायला. म्हणून हाताने करताना आधी कापतात आणि मग शिवतात. सुई चिरेतून खाली घालायची, कडेपासून दोन-अडीच मिलिमीटर आत वर काढायची. पण ती पूर्ण ओढायच्या आधी नेढ्याकडचा दोरा सुईच्या टोकाखालून घ्यायचा, आणि मग ओढायचं ते चिरेच्या दिशेने. चुकून उलट्या दिशेने ओढलं तर गाठ कापडाच्या अंगावर बसते आणि सगळा खटाटोप वाया जातो. बरोबर ओढलं तर गाठ कडेवर बसते. गाठीला गाठ लागत गेली की चिरेभोवती दोऱ्याचा एक टणक कंगोरा उभा राहतो. बटण घासतं ते त्या कंगोऱ्यावर, कापडाला ते शिवतसुद्धा नाही. तुझ्या अटॅचमेंटचा क्रम उलटा. आधी दोन बाजूंना टाक्यांच्या दोन रांगा घालायच्या आणि मग मधली जागा कापायची. कापलेली कड त्या रांगांच्या मध्ये उघडीच राहते. धुण्यात चारदा गेलं की तिथून दोरे डोकावायला लागतात. म्हणजे काजासारखं दिसणारं सगळं झालं, फक्त कड बांधायची राहिली.

हौशी : मग हा दोष अटॅचमेंटचा एकट्याचा कसा? दुकानातून आणलेला कुठलाही शर्ट घ्या. अमेरिकेत जॉन रीस यांनी 1881 मध्ये काजाच्या मशीनचं पेटंट घेतलं, बॉस्टनला कंपनी निघाली, आणि पुढे कारखान्यांनी हाताचं काज जवळजवळ बंदच केलं. आज शर्टाच्या कारखान्यात मशीन आधी दोन्ही रांगा शिवतं आणि शेवटी सुरी पडते. जगभर लोक तेच शर्ट वर्षानुवर्षं घालतात. दोरे डोकावतात ते क्रमामुळे नाही, घाईमुळे. आत बकरमची पट्टी नसते, टाके विरळ असतात. मी अटॅचमेंटवर एकाच काजावरून दोन फेऱ्या घेते. पहिली जरा विरळ, दुसरी तिच्यावर बसून दाट. कापताना दोन्ही टोकांना आडव्या टाचण्या लावते, म्हणजे रिपर टाचणीला अडतो आणि टोकाच्या आडव्या टाक्यांवर जात नाही. एका टोकाकडून मध्यापर्यंत कापायचं, मग दुसऱ्या टोकाकडून मध्यापर्यंत. आणि या क्रमात एक मोठी सोय आहे, ती तुम्ही मोजतच नाही. शिवून झाल्यावर, कापायच्या आधी, मला थांबून बघता येतं. काज पट्टीच्या मधोमध आलंय का, सगळी एका रेषेत आहेत का, पहिल्या आणि दुसऱ्या बटणामधलं अंतर छातीवर ओढ घेणार नाही ना. नाही पटलं तर टाके उसवायचे, इस्त्री फिरवायची, पुन्हा शिवायचं. तुमच्या पद्धतीत कातर पहिल्यांदा चालते. तिथे जागा चुकली की पुढची पट्टीच बदलायला लागते.

शंकेखोर : जागा आधी नक्की करता येत नाही म्हणून कापणं पुढे ढकलायचं, हे मला पटत नाही. खडूने खूण करायची, टाचण्या लावायच्या, कपडा अंगावर घालून आरशात बघायचं, बटण चिरेच्या खुणेवर ठेवून बघायचं. एवढं केल्यावर कातर घ्यायची. शिवणक्लासच्या नमुन्यांच्या वहीत काजाचं पान उशिरा का येतं? तोवर पोरीला जागा ठरवायची सवय लागलेली असते म्हणून. राहिला कारखान्याचा मुद्दा. शर्टाचं तू सांगितलंस, आता कोटाचं मी सांगते. कोटाच्या डोळ्याच्या काजासाठी जी मोठी मशीनं असतात, त्यांत दोन्ही सोयी ठेवलेल्या असतात, आधी शिवून मग कापायची आणि आधी कापून मग शिवायची. आधी कापून शिवलं की टाके कडेला कवेत घेतात आणि काज गोटीव दिसतं. कारखानदाराला हाताच्या कामाचा जिव्हाळा असतो म्हणून त्याने ही सोय ठेवली, असं तर कुणी म्हणणार नाही. महाग कोट, जाड कापड, बरीच वर्षं टिकायला हवा. तिथे त्याला क्रम बदलायला लागतो. शर्ट स्वस्त, पॉपलिनची वीण घट्ट, तिथे उघडी कड चालून जाते. मला एवढंच म्हणायचंय. तुझं अटॅचमेंट पॉपलिनवर खुशाल चालव. खादीवर, लिननवर, सैल विणीच्या हातमागावर चालवलंस तर तुझ्या दोन नाही, चार फेऱ्या घातल्या तरी मधले दोरे सुटणारच, कारण धरायला तिथे कापडच नसतं.

हौशी : हे मान्य करते, खादीवर काज फुगतं आणि सुटतं. पण काकू, हाताने काज करा म्हणणं सोपं. नेहरू शर्टाला तीन-चार काजं, ती होतीलही. साध्या शर्टाला पुढे सहा-सात, गळपट्टीला एक, कफांना दोन. माझ्यासारखीला एका काजाला पाव तास धरला तरी सगळी संध्याकाळ गेली, आणि पहिलं काज नि शेवटचं काज एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पहिलं थरथरतं, मधली बरी, शेवटची कंटाळ्यात केलेली. 1924 मध्ये गांधीजींनी यंत्रांविरुद्ध बोलतानाही शिवणयंत्राला सूट दिली होती, बायकांचं कंटाळवाणं शिवणकाम त्याने वाचतं म्हणून. पण त्या शिवणकामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग त्या मशीनने उचललाच नव्हता. लांब लांब सरळ शिवणी त्याने घेतल्या आणि काज, हूक, तुरपाई बाईच्या हातात तशीच ठेवली. झिगझॅग टाक्याचं पेटंट हेलन ब्लँचर्ड नावाच्या एका बाईंनीच 1873 मध्ये घेतलं होतं, तरी तो टाका सर्रास घरच्या मशीनांत यायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. मधली सत्तर-पाऊणशे वर्षं घरच्या बाईला मशीन असूनही काज हातानेच करावं लागलं. अटॅचमेंट आलं ते या फटीत. त्याला मी जुगाड म्हणणार नाही. सरळ टिपेचं मशीन घेऊन बसलेल्या बाईचं काम कुणीतरी लक्षात घेतलं, असं मी म्हणेन.

शंकेखोर : वेळेचं बोलतेस तर पूर्ण बोलू. तू काजं घरी करायची म्हणतेस, पण आमच्या गावात कुठला शिंपी काज स्वतः करतो? बाजारात काज-बटणवाल्याचं दुकान असतं, एवढंसं, आत एकच मशीन. शिंप्याचा पोऱ्या शर्टांची चळत घेऊन जातो आणि संध्याकाळी परत आणतो. ते मशीन काज शिवतं आणि कापतं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. वेळ वाचवायचा असेल तर तिकडे जावं, अटॅचमेंटचे स्क्रू पिळत बसू नये. आणि कंटाळ्याचं म्हणशील, तर काजाचा टाका संपला असं समजू नकोस. ब्लाउजला पुढे हूक असतात, त्यांच्यासमोर दोऱ्याची काजं असतात. तीन-चार दोरे आडवे ताणायचे आणि त्यांच्यावर हाच गाठीचा टाका घालत जायचा. गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे हूक-काजाचं काम दुसरीच कुणी घरी नेऊन करते, नगावर. मीही केलंय. माझे डोळे गेले ते टाक्याने गेले असं मला कुणी सांगू नये. नगाला इतका कमी भाव होता की चूल पेटायची तर दिवे लागल्यावरही बसायला लागायचं, त्याने गेले. हाताचं काज बाईला छळतं असं तू म्हणतेस. तेच काज मी माझ्या नातवाच्या झबल्यावर दुपारच्या उजेडात केलं तेव्हा मला त्याचा जराही त्रास झाला नाही. काम तेच. म्हणून मशीनने बाईला सोडवलं की नाही, हे काजाकडे बघून ठरणार नाही, भावाकडे बघावं लागेल.

इथे लिहिणाऱ्याने एक शब्द मध्ये घालायला हरकत नसावी. काज-बटणवाल्याकडे द्या, हा सल्ला शहाणपणाचा आहे, पण त्याच्याकडे बहुधा ठरलेला दोरा आणि ठरलेला दाटपणा असतो. मऊ मलमलीच्या सदऱ्यावर त्याने घातलेलं कडक, जाड काज मी पाहिलं आहे. बटण लावलं की सगळी पट्टी चुणते. घरी काज करायची इच्छा पैसे वाचवण्यातून येते असं मला वाटत नाही. कापड कोणतं, दोरा किती बारीक, बटण कुठलं, हे ज्याने ठरवलं त्यालाच काजही ठरवावंसं वाटतं. वादातल्या दोघीही हे धरूनच बोलत आहेत.

हौशी : भावाचं तुमचं म्हणणं मला खोडता येणार नाही, आणि खोडायचंही नाही. पण मी काजवाल्याकडे जात नाही त्याचं कारण वेळ नाही. मला माझं काज हवंय. अमक्या रंगाच्या दोऱ्याचं, अमक्या बटणाच्या मापाचं.

शंकेखोर : मापाचं म्हणतेस? तिथेच तर तुझं साच्याचं अटॅचमेंट हात बांधतं. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी. 18 लाइनचं शर्टाचं बटण सुमारे 11 मिलिमीटरचं, चपटं असलं तर काज तेराच्या आसपास पुरतं. तेच बटण घुमटदार निघालं तर तेरात अडकतं. मी फडक्याच्या तुकड्यावर चीर देऊन बटण घालून बघते, आणि जेवढी लागली तेवढीच चीर कपड्यावर देते. तुझ्या डबीत जे साचे असतील त्यांतला एक निवडायचा. साच्याच्या मापाचं बटण शोधत बाजार फिरायचा. जुन्या सदऱ्यांची काढून ठेवलेली बटणं, ती कुठल्याही मापाची असतात, ती मग वापरायचीच नाहीत? आणि गळपट्टीचं काज. तिथे एका बाजूला कापडाचे चार-पाच थर, दुसऱ्या बाजूला दोन. पकड तिरकी बसते, सरकायला हवी तिथे अडते, आणि टाके एका जागी साचून गोळा होतो. शर्टातलं सगळ्यांत वर दिसणारं काज, आणि नेमकं तेच बिघडतं.

हौशी : साच्याऐवजी स्क्रूने लांबी ठरवायची अटॅचमेंटही असतात, त्यांत हवं ते माप घेता येतं. खरं सांगायचं तर त्यांच्यात सातही काजं सारखी ठेवायला जास्त लक्ष द्यावं लागतं. गळपट्टीला मी पकडीच्या मोकळ्या बाजूखाली त्याच जाडीची कापडाची घडी ठेवते, म्हणजे ती सपाट बसते. तरी ते काज हाताने केलं तर बरं, हे मी मान्य करते. पण तुमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण मला वाटतं तो तुम्ही जरा चुकीच्या ठिकाणी ठेवलाय. क्रम महत्त्वाचा, असं तुम्ही म्हणालात. आधी शिवून मग कापलं की कड उघडी राहते. मग कापडाच्या पट्टीने बांधलेलं काज घ्या, जुन्या बायकांच्या कोटांवर, जाड जॅकेटांवर असतं ते. त्याला ना अटॅचमेंट लागतं, ना झिगझॅग. कापडाचा तुकडा सुलटा सुलट्यावर ठेवायचा, काजाएवढा लांबट चौकोन बारीक टिपेने शिवायचा, मधोमध कापायचं, टोकापासून थोडं अलीकडे थांबून चारही कोपऱ्यांकडे तिरक्या चिरा द्यायच्या, अगदी टिपेला टेकेपर्यंत. मग तो तुकडा चिरेतून मागे ओढून घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना त्याच्या बारीक घड्या बसवायच्या. इथेही आधी शिवलं आणि मग कापलं. तरी कड उघडी आहे का? एक दोरा दिसत नाही. निव्वळ सरळ टिपेवर होणारं ते सगळ्यात देखणं काज आहे.

शंकेखोर : हे बरोबर पकडलंस. मी क्रम म्हणाले, पण मला क्रम नको होता. कापल्यानंतर त्या कडेवर काहीतरी यायला हवं, एवढंच हवं होतं. हाताच्या काजात कापल्यावर दोरा येतो. पट्टीच्या काजात कापल्यावर कापड वळून येतं. तुझ्या अटॅचमेंटमध्ये कापणं हे शेवटचं काम, त्यानंतर कडेवर काहीच येत नाही. दोन फेऱ्या घाल, चार घाल, सगळ्या कातरीच्या आधीच्या. पण पट्टीचं काज सदऱ्याला चालत नाही. पातळ कापडावर त्याचे थर फुगतात, आणि कोपऱ्यातली चीर टिपेच्या एक दोरा पलीकडे गेली की तिथे भोक, एक दोरा अलीकडे थांबली की तिथे चुणी. म्हणजे सदऱ्यापुरते आपण दोघी पुन्हा तिथेच.

हौशी : तिथेच नाही, काकू. तुम्ही आत्ता जे म्हणालात त्यावरून विचारते. माझ्या दोन फेऱ्या एकामागून एकच का घ्यायच्या? पहिली फेरी घ्यायची, कापड काढायचं, चीर द्यायची, आणि मग परत अटॅचमेंटमध्ये लावून दुसरी फेरी घ्यायची. दुसऱ्या फेरीचे टाके चिरेच्या कडेवरून जातील. साचा तोच, वळण तेच. खुणा नीट केल्या तर कापड परत त्याच जागी बसवता येईल. कापल्यानंतर कडेवर दोरा आला, तोही मशीनचा. गाठीचा कंगोरा होणार नाही, मान्य, पण कड झाकली जाईल.

शंकेखोर : न कापलेलं कापड त्याच जागी परत बसेल. कापलेलं नाही बसणार. चीर दिली की दोन्ही ओठ मोकळे होतात, पकड दाबली की ते आणखी फाकतात. साचा पहिल्याच वाटेने जाईल, पण कड त्या वाटेवर नसेल. एका बाजूला टाके कडेच्या आत पडतील, दुसऱ्या बाजूला हवेत.

हौशी : पहिल्या फेरीने ओठ धरून ठेवलेले असतील ना? आणि चिरेखाली पातळ कागद ठेवला तर पसरणार नाही. शिवून झाल्यावर कागद फाडून काढायचा.

शंकेखोर : घट्ट कापडावर धरून ठेवेल, तिथे दुसऱ्या फेरीची मुळात गरज कमी. जिथे गरज आहे त्या कापडावर पहिली फेरी किती धरते, हाच प्रश्न आहे. कागदाने पसरणं थांबेल की नाही, मला सांगता येणार नाही, मी तसं कधी केलेलं नाही. आणि समज जमलंच, तरी मी विचारीन की दुसरी फेरी मशीनने कशाला? पहिली मशीनची असू दे, तिने रेष सरळ येते, दोन्ही बाजूंची रुंदी सारखी राहते. चीर दे, आणि वरून गाठीचा टाका हाताने घाल. हात थरथरला तरी खालची मशीनची रांग त्याला वाट दाखवते.

हौशी : मग पाव तास परत आला.

शंकेखोर : आला. पण दहा काजांना लागणार नाही. रोज ओढ बसते ती कमरेच्या काजाला आणि गळपट्टीच्या. बाकीची तुझ्या मशीनवर राहू देत. मात्र कागद घालून बघायचं असेल तर पॉपलिनवर बघू नकोस, तिथे काहीही केलंस तरी जमल्यासारखं दिसेल. माझ्याकडे सोलापूरच्या जाड्याभरड्या हातमागाचा तुकडा आहे, तो घेऊन जा. पहिली फेरी घे, चीर दे, आणि दुसरी फेरी घ्यायच्या आधी चीर किती फाकली ते मोज.